एफ-नाईन दाबा, काका

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांचा लॅपटॉप २०२४ च्या जुलैत केकाटायला लागला. 'केकाटायला' हा त्यांचाच शब्द. एका शनिवारी सकाळी साडेनऊला ते जिना चढून वर आले आणि दारातूनच म्हणाले, "अगं, वेळ असला तर जरा बघतेस का? पिठाच्या गिरणीसारखा आवाज करतोय."

सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणाऱ्या माणसाला सोसायटीत हे भोग चुकत नाहीत. कुणाचा प्रिंटर, कुणाचं वायफाय, कुणाच्या मोबाईलमधून नाहीसे झालेले बारशाचे फोटो. लग्नाच्या पंगतीत डॉक्टरला गाठून लोक गुडघा दाखवतात, त्यातलाच प्रकार. पण काकांना नाही म्हणणं शक्यच नव्हतं. विमा कंपनीच्या हिशेब खात्यात चौतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले आणि २०११ पासून सोसायटीचे खजिनदार आहेत. ४८ फ्लॅट, दर तिमाहीची बिलं, पावत्या, सिंकिंग फंड, पार्किंग, थकबाकीवरचं व्याज... सगळं एकटा माणूस, एका एक्सेल फाईलमध्ये, फुकट सांभाळतो. त्या बदल्यात आम्ही बाकीचे वर्षातून एकदा सभेला जातो आणि वेफर्स खात "मेन्टेनन्स फार झालाय हो" असं म्हणतो.

खाली गेले. लॅपटॉप खरोखरच केकाटत होता. खालून हात लावला तर इस्त्री. काकू म्हणाल्या, "मुलगा म्हणतोय नवीन पाठवतो. हे ऐकत नाहीत."

"अगं, हा चांगला आहे अजून," काका म्हणाले. मग जरा थांबून, "का माझंच काहीतरी चुकतंय?"

हे दुसरं वाक्य मी तेव्हा ऐकलं, पण ऐकून सोडून दिलं.

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. सीपीयू १०० टक्के, आणि त्यातला जवळजवळ सगळा एक्सेलच्या नावावर. वा, चोर लगेच सापडला! आता फक्त तो काय चोरतोय ते बघायचं. नेहमीचे संशयित एकेक करून तपासले. कंट्रोल धरून एक्सेल सेफ मोडमध्ये उघडलं, म्हणजे अॅड-इन्स बाद. अँटिव्हायरस फाईल चघळत बसलाय का पाहिलं; नव्हता. ग्राफिक्स अॅक्सिलरेशनची टिक काढून पाहिली, फरक शून्य. फाईलमध्ये मॅक्रो एकही नाही. मग खालच्या पट्टीकडे लक्ष गेलं. तिथे आकडेमोडीचे टक्के चढत होते. ३ टक्के, ११ टक्के, २० टक्के... काकांनी एक की दाबली की पुन्हा पहिल्यापासून.

म्हणजे एक्सेल हिशेब करत होतं. सतत.

यावर उपाय मला ठाऊक होता. फॉर्म्युलाज टॅब, कॅल्क्युलेशन ऑप्शन्स, मॅन्युअल. दहा सेकंदात पंखा शांत. खोलीत एकदम कुकरची शिट्टी ऐकू यायला लागली. काकांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद की मला उगाचच मोठं झाल्यासारखं वाटलं.

फाईल सेव्ह करायला गेले तर पुन्हा पाऊण मिनिट घरघर. याचंही कारण ठाऊक होतं. मॅन्युअल मोडमध्ये सुद्धा एक्सेल सेव्ह करण्याआधी एकदा सगळा हिशेब करून घेतं. तशी एक टिक ऑप्शन्समध्ये मुळातच असते. मी तीही काढली. सेव्ह झटक्यात झालं.

चपला घालता घालता म्हणाले, "काका, पावत्यांची एंट्री झाली की फक्त एफ-नाईन दाबा. म्हणजे हिशेब अपडेट होईल."

"एफ-नाईन," काका म्हणाले, आणि त्यांनी ते डायरीत लिहून घेतलं.

वीस मिनिटांत काम फत्ते. वर आले आणि ते विसरूनही गेले.

ऑगस्टमध्ये एकदा काकू जिन्यात भेटल्या. त्यांची घरखर्चाची वेगळी एक्सेल फाईल आहे, त्याच लॅपटॉपवर. म्हणाल्या, "अगं, दुधाचे पैसे टाकते, पण महिन्याची बेरीज हलतच नाही. तेवढीच्या तेवढी."

मी ऑफिसच्या कॅबकडे पळत होते. म्हटलं, "फाईल एकदा बंद करून उघडा काकू, होईल."

ज्यांना एक्सेलच्या आतल्या भानगडी माहीत आहेत त्यांनी एव्हाना कपाळावर हात मारला असेल. बाकीच्यांसाठी सांगते. मॅन्युअल का ऑटोमॅटिक, ही सेटिंग एक्सेल एकेका फाईलपुरती ठेवत नाही. आधी जी फाईल उघडाल तिची सेटिंग घेतं, आणि नंतर उघडलेल्या सगळ्या फाईलींना तीच लावतं. काका सकाळी सोसायटीची फाईल उघडायचे, मग काकू आपली. म्हणजे मी काकांच्या फाईलला दिलेलं झोपेचं औषध काकूंच्या फाईललाही चढलं होतं. काकू मला चक्क लक्षण सांगत होत्या, आणि मी कंपाउंडरसारखी "पाणी जास्त प्या" म्हणून निघून गेले.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. आमची सप्टेंबरातल्या एका रविवारी, पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर झाली. विषयपत्रिकेवर चौथा विषय थकबाकी. काकांनी यादी वाचायला घेतली. ३१ मार्चअखेरची बाकी अजून न भरलेले सहा फ्लॅट. तिसरं नाव वाचलं आणि मागून एक गृहस्थ उठले. आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच जास्त लागला. "मी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण रक्कम व्याजासकट भरलीय. ही पावती. सही तुमचीच आहे."

पावती हातोहात पुढे गेली. काकांनी ती चष्मा वर करून पाहिली. सही त्यांचीच होती.

मग सभेत जे व्हायचं ते झालं. एक जण म्हणाला, आमच्या नावासमोरचं व्याजही बरोबर कशावरून? दुसरा म्हणाला, आजकाल याची अॅप्स असतात, किती दिवस एकाच माणसाच्या एक्सेलवर चालणार? तिसरा म्हणाला, "तसं काही नाही हो, काकांचं वयही झालंय आता..." तो चांगल्या मनाने म्हणाला होता. आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

काका काहीच बोलले नाहीत. त्यांनी पेन्सिलने त्या नावासमोर एक फुली केली आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

मी शेवटच्या रांगेत बसले होते. 'पावती भरली आणि बाकी हलली नाही' हे ऐकता ऐकता काकूंची दुधाची बेरीज आठवली आणि पोटात खड्डा पडला. तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. बोलले नाही. आधी खात्री करून घेऊ, असं स्वतःला सांगितलं. हे कारण खरं होतं, आणि सोयीचंही होतं.

रात्री खाली गेले. लॅपटॉप उघडायला सांगितला. एक्सेलच्या खिडकीत अगदी खाली डावीकडे 'कॅल्क्युलेट' असा एक शब्द बसलेला होता. हिशेब करायचा राहिलाय, असं एक्सेल दोन महिने सांगत होतं. बारीक अक्षरात, कोपऱ्यात, इंग्रजीत.

"काका, तुम्ही एफ-नाईन दाबत होतात ना?"

"रोज," ते म्हणाले. "डायरीत लिहिलंय ना. हे बघ." आणि त्यांनी दाबून दाखवलं. स्क्रीनचा उजेड जरासा मंद झाला.

मी कीबोर्डकडे पाहिलं. त्या लॅपटॉपवर एफ-नाईनच्या कीवर सूर्याचं छोटं चित्र आहे. नुसती दाबली तर ब्राइटनेस कमी होतो. खरं एफ-नाईन हवं असेल तर खाली एफ-एन धरून दाबावं लागतं.

"मंद होतो जरा," काका म्हणाले. "मला वाटलं, हिशेब करताना होत असेल."

मी एफ-एन धरून एफ-नाईन दाबलं. पंखा गरगरला. पाऊण मिनिटाने ते तिसरं नाव यादीतून गेलं, आणि अजून एक गेलं. त्या दुसऱ्या घरचं कोणी सभेला आलंच नव्हतं.

काका बराच वेळ स्क्रीनकडे बघत होते. मग म्हणाले, "यादी करताना मला वाटलं होतं गं, यांनी भरलेत म्हणून. पण फाईल बाकी दाखवत होती. म्हटलं, आपलंच आठवण्यात चुकत असेल."

माझ्या वीस मिनिटांच्या कामगिरीची ही खरी किंमत. पंखा गप्प करायच्या नादात मी चौऱ्याहत्तर वर्षांच्या, डोकं शाबूत असलेल्या माणसाला स्वतःच्या डोक्यावर शंका घ्यायला लावली होती.

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी तिथेच बसून माफीचा निबंध लिहायला घेतला. काकांनी वाचला आणि म्हणाले, "चूक कुणाची ते नंतर लिही. आधी ज्यांची नावं वाचली गेली त्या दोघांना मोकळं कर. फ्लॅट नंबर, पावतीची तारीख, रक्कम, बाकी शून्य. मग तुझं काय ते." तसंच लिहिलं. मग खाली माझं काय ते: जुलैत फाईलची सेटिंग मी बदलली होती, त्यामुळे नंतरच्या पावत्या हिशेबात धरल्या गेल्या नाहीत, काकांची एंट्री एकूण एक बरोबर आहे. पाच अंगठे आले. एक जण म्हणाला, "म्हणूनच अॅप हवं." असो.

पुढच्या शनिवारी जे काम जुलैत करायला हवं होतं ते करायला बसले. (ज्यांना तांत्रिक तपशिलात रस नाही त्यांनी पुढचे पाच-सहा परिच्छेद गाळले तरी चालेल. पण तुमच्याही ऑफिसात एखादी अशी फाईल असेलच, म्हणून वाचा असं सुचवेन.)

पहिली गोष्ट, फाईलची कॉपी केली. मूळ फाईलला हात नाही. मग कॉपीमध्ये एकेक शीट काढून टाकायचं आणि पूर्ण हिशेबाला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघायचं. कंट्रोल-ऑल्ट-एफ-नाईन दाबलं की एक्सेल काहीही गृहीत न धरता सगळं पहिल्यापासून मोजतं. पार्किंगचं शीट काढलं, फरक नाही. सिंकिंग फंड काढला, नाही. 'बिले' नावाचं शीट काढलं आणि पाऊण मिनिटाचं काम डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. अर्ध्या तासात जागा सापडली. मग काकांना शेजारी बसवलं आणि विचारलं, "हे सूत्र तुम्ही असं का लिहिलंत?" जुलैत हा प्रश्न विचारला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

'बिले' शीटवर एप्रिल २०११ पासूनचं प्रत्येक बिल एका ओळीत. ५४ तिमाह्या गुणिले ४८ फ्लॅट, म्हणजे २,५९२ ओळी. प्रत्येक ओळीत तीन रकाने: यातलं किती भरलं, किती राहिलं, व्याज किती. आणि तिन्ही रकान्यांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारलेला: या फ्लॅटने आजपर्यंत एकूण किती पैसे दिले?

हा प्रश्न काकांनी समप्रॉडक्ट वापरून विचारला होता. पावत्यांच्या शीटवर दुसऱ्या ओळीपासून ६५,५३६ व्या ओळीपर्यंत जा, फ्लॅट नंबर जुळतो का बघा, तारीख आजच्या आतली आहे का बघा, असेल तर रक्कम मिळवा. आता पावत्या आहेत जेमतेम अडीच हजार. खालच्या त्रेसष्ट हजार ओळी रिकाम्या. पण समप्रॉडक्ट आज्ञाधारक आहे. सांगितलंय ना ६५,५३६ पर्यंत, मग तो शेवटच्या ओळीपर्यंत जाणार आणि रिकाम्या घराचंही दार वाजवून येणार.

हिशेब मांडून पाहिला. ७,७७६ सूत्रं, प्रत्येकी ६५,५३५ ओळी. साधारण ५१ कोटी ओळींची तपासणी. कशासाठी? तर ४८ उत्तरांसाठी. फ्लॅट ४८च आहेत ना! एकेका फ्लॅटला तोच प्रश्न १६२ वेळा विचारला जात होता.

हसू येतंय? मलाही आलं. पण काकांची उत्तरं ऐकल्यावर गेलं. ६५,५३६ का? कारण फाईल सुरू केली तेव्हा त्यांच्याकडे एक्सेल २००३ होतं, आणि त्यात शीटला तेवढ्याच ओळी असायच्या. (२००७ च्या आवृत्तीपासून त्या १०,४८,५७६ झाल्या.) मग अख्खा कॉलमच का नाही दिला? कारण २००३ मध्ये समप्रॉडक्टला अख्खा कॉलम चालायचा नाही. समइफ्स का नाही वापरलं? कारण ते २००७ मध्ये आलं. दोन अटी लावून बेरीज करायची तर तेव्हा समप्रॉडक्ट हाच शहाण्या माणसाचा मार्ग होता. आणि 'आजच्या आतली तारीख' कशाला? कारण काही सभासद वर्षाचे चार चेक पुढच्या तारखा घालून एकदम देतात. काका एंट्री लगेच करतात, पण तारीख येईपर्यंत तो पैसा आलेला नसतो. म्हणून टुडे().

म्हणजे प्रत्येक निर्णयाला कारण होतं, आणि तेव्हा ते बरोबर होतं. फाईल चुकली नव्हती. ती मोठी झाली होती.

खरी गोम त्या टुडे() मध्येच. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी अॅपल टू साठी व्हिजीकॅल्क काढलं, तेव्हापासून स्प्रेडशीटचं वचन एकच आहे: एक आकडा बदला, त्यावर अवलंबून असलेले बाकीचे आपोआप बदलतील. ब्रिकलिनना ही कल्पना सुचली ती हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये, फळ्यावरचा एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून लिहावे लागतात हे बघून. आजचं एक्सेल त्याबाबतीत हुशार आहे. कोणतं घर कोणावर अवलंबून आहे याची वही ते ठेवतं, आणि ज्यांच्यावर परिणाम झाला तेवढ्यांनाच उठवतं. बाकीचे झोपलेलेच. पण टुडे(), नाऊ(), रँड(), ऑफसेट(), इनडायरेक्ट() ही मंडळी त्या वहीत बसत नाहीत. यांचं उत्तर केव्हाही बदललेलं असू शकतं, म्हणून कुठेही, काहीही बदललं की एक्सेल यांना उठवतं, आणि यांच्यावर अवलंबून असलेल्यांनाही. इंग्रजीत यांना 'व्होलाटाईल' म्हणतात. आपण उडाणटप्पू म्हणू.

काकांच्या ७,७७६ सूत्रांच्या प्रत्येकाच्या पोटात एक टुडे() होतं. म्हणजे सगळ्या पलटणीला कायमचा हुकूम: कुठे खुट्ट वाजलं की उठा आणि पहिल्यापासून मोजा. आणि हे दुसऱ्या फाईलमध्ये खुट्ट वाजलं तरी लागू. काकू आपल्या फाईलमध्ये 'दूध' असं टाईप करून एंटर मारायच्या आणि शेजारच्या खिडकीत सोसायटीची तेरा वर्षं पुन्हा मोजली जायची! मोजता मोजता कुणी की दाबली की एक्सेल काम थांबवतं, टाईप करू देतं आणि मग परत सुरू करतं. काका पटापट एंट्री करत, त्यामुळे तो हिशेब कधी पूर्णच व्हायचा नाही. गिरणीचा आवाज तो हाच.

दुरुस्ती मग साधीच होती. एक नवीन शीट, ४८ ओळींचं. प्रत्येक फ्लॅटचे एकूण आलेले पैसे, समइफ्सने, एकदाच. 'बिले' शीटवरच्या ओळी आता तिथून नुसतं उत्तर उचलतात. आणि टुडे() ची ७,७७६ ठिकाणं काढून एकच घर ठेवलं, वर ठळक अक्षरात: 'हिशेबाची तारीख'. ती काकांनी स्वतः टाईप करायची.

हे शेवटचं काकांना समजावून सांगावं लागलं नाही. उलट तेच मला म्हणाले, "बरोबरच आहे. हिशेबाला 'अखेर' असते. आज छापलेला कागद उद्या पुन्हा छापला तर आकडा तोच यायला हवा. टुडे घातलं तेव्हा सोय बघितली मी, शिस्त नाही." चौतीस वर्षं हिशेब खात्यात असलेला माणूस बोलत होता. मी वेग वाढवायला म्हणून जे केलं होतं ते त्यांच्या धंद्यातलं जुनंच तत्त्व निघालं.

हिशेबाला वेळ किती लागतो? घड्याळ लावून मोजता येत नाही इतका कमी. मोड पुन्हा ऑटोमॅटिक केला, काकूंच्या फाईलचाही. सेव्ह करण्याआधीची ती टिक परत लावली.

पण यावेळी चपला घातल्या नाहीत. जुने आकडे एका रकान्यात, नवे शेजारी, आणि तिसऱ्या रकान्यात वजाबाकी. २,५९२ पैकी २,५३८ ओळींत शून्य. उरलेल्या ५४ ओळींत फरक, आणि त्या चोपन्नही ३०४ नंबरच्या फ्लॅटच्या. नव्या हिशेबाप्रमाणे त्यांनी ५,५५० रुपये जास्त भरले होते.

माझा हात सूत्राकडे गेला होता. काका म्हणाले, "थांब." उठून कपाटातून २०१६ ची पावत्यांची फाईल काढली, कागदाची. "हे मला आठवतंय. यांची एक पावती काही केल्या धरलीच जात नव्हती. दोन रात्री शोधलं. शेवटी एक समायोजनाची एंट्री घातली, शेरा लिहून."

पावत्यांच्या शीटवर ती ओळ काढली. पहिल्या एंट्रीत ३०४ हा आकडा नव्हता, अक्षरं होती. कुठून तरी कॉपी-पेस्ट होऊन टेक्स्ट म्हणून बसलेला. दिसायला तंतोतंत ३०४. काकांचं समप्रॉडक्ट काटेकोर, आकडा आणि अक्षर त्याला वेगळे; त्याने ती पावती धरली नाही. माझं समइफ्स सैल, त्याला '३०४' ही अक्षरंही ३०४ च. त्याने ती पावती धरली, आणि काकांचं समायोजनही धरलं. तेच पैसे दोनदा. मी एकटीने ही फाईल 'फास्ट' करून दिली असती, तर पुढच्या सभेत अजून एक पावती हातोहात पुढे आली असती.

समायोजनाची एंट्री काकांनी काढली नाही. उलट एंट्री घातली, तारीख आणि शेरा लिहून. "खोडायचं नसतं," म्हणाले. चोपन्न ओळी शून्य झाल्या.

नवीन लॅपटॉप आला नाही. अॅपचा विषय कमिटीने 'पुढे विचार करू' म्हणून ठेवलाय. कधीतरी येईलही, आणि यायला माझी हरकत नाही. शिक्षा म्हणून मला सहखजिनदार केलंय. :-) महिन्यातून एका शनिवारी मी खाली जाते. काका पावत्या वाचतात, मी टाईप करते, मग आम्ही अदलाबदल करून तपासतो. पंखा वाजत नाही. त्याचीही काकांना पहिले काही दिवस चिंता वाटली. "चालू आहे ना गं हिशेब?" असं विचारायचे आणि सवयीने एफ-नाईन दाबायचे. स्क्रीन जरा मंद व्हायचा.

ऑफिसमध्ये एखाद्या सर्व्हरचा सीपीयू शंभरावर गेला तर आम्ही रात्री दोन वाजता उठून आधी 'हा काय करतोय' हे विचारतो. त्याशिवाय कुणी बटण बंद केलं तर दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सालटं निघतात. काकांच्या लॅपटॉपला मी तो प्रश्न विचारलाच नाही, कारण ते 'घरचं काम' होतं. काम करणाऱ्याला गप्प केलं, आणि त्यालाच दुरुस्ती म्हटलं.

२०२५ च्या सभेत थकबाकीची यादी काकांनीच वाचली. चार नावं होती. पहिली ओळ त्यांनी जरा मोठ्याने वाचली: हिशेबाची तारीख. मग चष्मा वर करून म्हणाले, "यानंतर कुणी भरलं असेल तर पावती घेऊन या, आत्ता इथे दुरुस्त करतो."

कुणी उठलं नाही. काकांनी कागद टेबलावरच ठेवला आणि पाचवा विषय वाचायला घेतला.